तात्पुरत्या बाई

अहवालातलं ते एक वाक्य धाकट्या बाईंनी सहा वर्षं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. 'डोंगरातल्या स्त्रिया अज्ञानामुळे बाळंतपणासाठी दवाखान्यात येत नाहीत.' मिशनच्या दवाखान्याचा वर्षभराचा अहवाल समुद्रापलीकडच्या मंडळाकडे जायचा. त्याची पक्की प्रत काढायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण अख्ख्या आवारात त्यांच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. गंमत अशी की धाकट्या बाई स्वतः डोंगरातल्याच. आई डोंगरातली, आत्या डोंगरातली, आणि घरीच बाळंत होणाऱ्या त्या अज्ञानी स्त्रियांमध्ये त्यांची सख्खी भावजय. तरी सहा वर्षं लेखणी अडली नाही. सातव्या वर्षी अडली. का अडली, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

सात वर्षांची असताना तिला आत्याने पाठुंगळी घेऊन डोंगराखाली आणलं होतं. पायात काटा मोडलेला, पाय गुडघ्यापर्यंत सुजून तट्ट फुगलेला, अंगात फणफणून ताप. मिशनच्या दवाखान्याच्या प्रमुखांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. उंच, हाडकुळ्या, परदेशातून आलेल्या, शिकलेल्या नर्स आणि सुईण. डॉक्टर शहरातून आठवड्याला दोनदा येत. उरलेले पाच दिवस मोठ्या बाईच डॉक्टर, मोठ्या बाईच मुकादम, आणि पाद्रीसाहेब दौऱ्यावर गेले की रविवारची उपासनाही मोठ्या बाईच चालवत. त्यांनी दिवसातून दोनदा पोरीचा पाय धुतला, पू काढला, पट्ट्या बांधल्या. महिनाभराने पोरगी लंगडत का होईना, चालायला लागली.

"पाय तुम्ही वाचवलात," आत्या म्हणाली, "तर आता पोरीला शिकवाही तुम्हीच. वर आमच्याकडे शाळा नाही."

तशी ती मिशनच्या वसतिगृहात राहिली. पहिल्याच दिवशी केस कानापर्यंत कापले. नाव बदललं, कारण जुनं नाव तिथल्या मेट्रनबाईंच्या जिभेवर बसेना. आणि डोंगराच्या बोलीतला शब्द तोंडातून निघाला की त्या वेळचं जेवण उभ्याने, असा नियम. पहिले तीन महिने ती जवळजवळ रोज उभ्यानेच जेवली. नंतर नियम अंगवळणी पडला आणि बोली पोटात गेली. उतारवयात त्या दिवसांचा विषय निघाला की त्या म्हणत, "माझे गुडघे अजून कुरकुरत नाहीत ते उगीच नाही."

अकराव्या वर्षी तिला विषमज्वर झाला. तेव्हा नऊ दिवस मोठ्या बाई तिच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. कपाळावरची पट्टी वाळू दिली नाही. त्यामुळे पुढे मोठ्या बाईंचा राग करायचा म्हटलं तरी तो पुरता करता यायचा नाही, आणि माया करायची म्हटलं तरी तीही निखळ जमायची नाही. मिशनच्या आवारात वाढलेल्या डोंगरातल्या बऱ्याच पोरांचं असंच होतं. ज्या हाताने औषध दिलं त्याच हाताने केस कापले, आता त्या हाताचं करायचं काय?

मोठ्या बाईंनी तिला नर्स केलं. सुई कशी टोचायची ते आधी ओल्या कापडाच्या घडीवर शिकवलं. लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके मोजायला शिकवलं. मूल पायाकडून येत असेल तर ओढायचं नाही, थांबायचं, हे तर इतक्या वेळा सांगितलं की ती झोपेतही म्हणून दाखवायची. डोंगरातून आलेली ती पहिली नर्स. मिशनच्या सुताराशी तिचं लग्न झालं, तोही डोंगरातलाच, कमी बोलणारा आणि दारं-खिडक्या चोख बसवणारा माणूस. मोठ्या बाईंच्या हाताखालची म्हणून तिला सगळे 'धाकट्या बाई' म्हणू लागले.

आता लेखणी अडली त्या सातव्या वर्षाची गोष्ट.

दुपारची वेळ होती. फाटकापाशी गलका ऐकून धाकट्या बाई व्हरांड्यात आल्या. चार माणसांनी दोन काठ्यांना घोंगडी बांधून त्यातून एका अडलेल्या बाईला खाली आणलं होतं. बरोबर तिची सासू. फाटकावरचा माणूस नियमाचा पक्का. तो म्हणाला, "पेशंट आत जाईल. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. आत आधी प्रार्थना होईल, मग तपासणी."

सासूला त्याची भाषा अर्धीमुर्धी कळली, पण हात आडवा आलेला पुरता कळला.

"सून माझी आणि मी बाहेर?" ती आपल्या बोलीत म्हणाली. "आत तिचं कोण आहे? तिला भीती वाटली तर ती कुणाचा हात धरील?"

फाटकावरच्या माणसाने पुन्हा तेच सांगितलं, फक्त मोठ्याने. सासूने क्षणभर सुनेकडे पाहिलं, माणसांना खूण केली, आणि घोंगडी जशी आली तशी माघारी वळली.

असं धाकट्या बाईंनी आधीही पाहिलं होतं. माणसं फाटकापर्यंत येत आणि परत जात. अहवालात त्याला अज्ञान म्हणत. पण त्या दिवशी त्यांच्या कानात सासूचा प्रश्न अडकून बसला, कारण सात वर्षांच्या असताना आत्याला याच फाटकाबाहेर बसवलेलं त्यांना आठवत होतं, आणि तेव्हा त्यांना धरायला कुणाचाच हात नव्हता. त्यांनी बाळंतपणाची पिशवी उचलली, कुणाला काही न विचारता फाटकाबाहेर पडल्या आणि घोंगडीमागे पळत सुटल्या.

अर्ध्या मैलावर एक बंद पडलेली वीटभट्टी होती. तिच्या छपराखाली माणसं थांबली होती, कारण सुनेला आता पुढे नेणं शक्य नव्हतं. धाकट्या बाई धापा टाकत पोचल्या आणि कित्येक वर्षांनी भरदिवसा, मोठ्याने, आपल्या बोलीत बोलल्या.

"मावशी, मी तुमच्यातलीच. मला बघू द्या."

सासूने त्यांचा पांढरा झगा, कापलेले केस, पायातले बूट असं सगळं नीट निरखलं. "आमच्यातली असशील तर तिला आडवी पाडू नकोस," ती म्हणाली. "तिकडे तुमच्यात टेबलावर उताणी निजवतात म्हणे. हिला बसू दे. मी मागून धरते."

तपासलं तर मूल पायाकडून येत होतं. सासू विटांच्या ढिगाला पाठ लावून बसली, सुनेला काखेतून धरून तिने आपल्या छातीशी टेकवलं आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली. धाकट्या बाईंनी बाळाचे पाय स्वच्छ फडक्यात धरले आणि ओढलं नाही. थांबल्या. कंबर आली, थांबल्या. खांदे आले, एक हात अलगद सोडवला, मग दुसरा. डोकं आलं तेव्हा मूल निळसर होतं आणि गप्प होतं. त्यांनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग ते असं काही रडलं की बाहेर पाठ करून उभी असलेली चारही माणसं एकदम खाली बसली.

"शिकलीस चांगलं," सासू म्हणाली. "कोणी शिकवलं?"

"मोठ्या बाईंनी."

"मग तिला सांग, तिचं शिकवणं बरं आहे. फाटक बरं नाही."

धाकट्या बाई परतल्या तेव्हा झग्यावर रक्त होतं आणि मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या.

"ड्यूटी सोडून कुठे गेली होतीस?"

"बाळंतपण करायला."

"कुणाच्या परवानगीने?"

"विचारायला थांबले असते तर दोन जीव गेले असते, बाई."

मोठ्या बाई आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हत्या. नियम म्हणजे नियम, एवढंच म्हणाल्या, आणि धाकट्या बाईंना पंधरा दिवस प्रसूतीच्या खोलीतून काढून कपड्यांच्या कोठीत बसवलं. तिथे दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या आणि फाटक्या उशांना टाके मारायचे. आणि नेमका त्याच आठवड्यात वर्षाचा अहवाल पक्क्या प्रतीसाठी त्यांच्यासमोर आला.

त्या वाक्यापाशी लेखणी अडली. त्यांनी ती खाली ठेवली, दोन चादरींच्या घड्या घातल्या, पुन्हा उचलली. मग अज्ञानाचं वाक्य गाळून त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: 'डोंगरातल्या स्त्रिया दवाखान्याच्या फाटकापर्यंत येतात. तिथे त्यांच्या घरच्या बाईला आत सोडत नाहीत, त्यांची भाषा बोलत नाहीत, आणि त्यांना न विचारता त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. म्हणून त्या परत जातात. हे मी स्वतः पाहिलं आहे.' खाली सही केली. अहवालावर सही मोठ्या बाईंची असायची, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. सुतार रंधा मारायचा थांबला. "नोकरी जाईल," तो म्हणाला.

"जाईल."

"मग वर जाऊ. तिथेही दारं लागतातच लोकांना," असं म्हणून तो पुन्हा रंधा मारू लागला.

अहवाल मोठ्या बाईंच्या टेबलावर गेला. चौथ्या दिवशी त्या कोठीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात अहवालाचा कागद नव्हता, छत्री होती.

"ती वीटभट्टीवरची बाळंतीण कशी आहे?"

"माहीत नाही, बाई. मी इथे आहे."

"चल मग. बघून येऊ."

मोठ्या बाईंना तिथे येऊन चोवीस वर्षं झाली होती. डोंगर त्यांच्या खिडकीतून रोज दिसे, पण ओढ्यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या; लोक खाली येत, त्या वर जात नसत. चढण अडीच तासांची होती. मोठ्या बाई चारदा थांबल्या, पण परत फिरू म्हणाल्या नाहीत. घर सापडलं. सासू दारातच धान्य निवडत बसली होती. तिने दोघींना पाहिलं, पाणी दिलं, धाकट्या बाईंना आत जा म्हणाली आणि मोठ्या बाईंसमोर हात आडवा धरला.

"हिला सांग," ती धाकट्या बाईंना म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत परक्या बाईने एकदम शिरू नये. आधी बाहेर बसावं. आतून बोलावलं तर यावं."

दुभाष्याचं काम धाकट्या बाईंकडे आलं होतं आणि त्यांनी ते शब्दाला शब्द केलं. मोठ्या बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, अंगणातल्या ओंडक्यावर रुमाल अंथरला आणि बसल्या. तासभर बसल्या. कोंबड्या त्यांच्या बुटांशी येऊन चोची मारून गेल्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिल्या, जसे दवाखान्यातले लोक डोंगरातल्या बायकांकडे पाहत. शेवटी आतून सुनेने बोलावलं. मोठ्या बाईंनी बूट काढले, वाकून आत गेल्या, बाळाची बेंबी पाहिली, आईचं पोट तपासलं, आणि निघताना पहिल्यांदाच विचारलं, "मी प्रार्थना केली तर चालेल?"

सून हसली. "करा की. बाळ झोपलंय, हळू करा."

उतरताना ओढ्यात पाय बुडवून बसल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "फाटकावरच्या माणसाला उद्या सांग. घरची एक बाई आत येईल."

"आणि प्रार्थना?"

"विचारून."

"आणि वसतिगृहातलं उभं जेवण?"

मोठ्या बाई पाय पुसू लागल्या. "एका दिवसात किती मागशील?" त्या म्हणाल्या. पण तोही नियम दोन वर्षांनी गेला. केस कापणं मात्र पुढे कितीतरी वर्षं चाललं. अहवालात धाकट्या बाईंचं वाक्य तसंच राहिलं. खाली मोठ्या बाईंनी आपलीही सही केली. त्या वर्षानंतर डोंगरातून बायका येऊ लागल्या. आधी अडलेल्या, मग न अडलेल्याही.

मोठ्या बाई थकल्या आणि मायदेशी परत निघाल्या, तेव्हा त्यांनी मंडळाला लिहिलं की माझ्या जागी हिला नेमा. उत्तर आलं, 'स्थानिक व्यक्ती अद्याप या जबाबदारीसाठी तयार नाही.' मोठ्या बाईंनी ते पत्र धाकट्या बाईंना स्वतः वाचून दाखवलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, "तयारी तुझी नाही, त्यांची व्हायची आहे." निरोपाच्या वेळी दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

परदेशातून नव्या प्रमुख आल्या. स्वभावाने गोड, कामाला तयार, पण पहिल्याच पावसाळ्यात तापाने अंथरुणाला खिळल्या. अकरा महिन्यांनी त्यांनाही परत पाठवावं लागलं. मग मंडळाचं पत्र आलं: पुढील व्यवस्था होईपर्यंत दवाखान्याचा कारभार तात्पुरत्या स्वरूपात यांच्याकडे सोपवण्यात येत आहे. सुताराने दारावर पाटी लावली, 'प्रमुख (तात्पुरत्या)'. पुढील व्यवस्था काही होईना. दर वर्षी मुदत वाढवल्याचं पत्र येई. पाटीवरचा रंग उडाला, तो पुन्हा भरला. डोंगरातली माणसं पाटी वाचून त्यांना 'तात्पुरत्या बाई' म्हणू लागली आणि लहान पोरांना तर ते त्यांचं नावच वाटे. चौदा वर्षं त्यांनी असा तात्पुरता कारभार केला. त्यात प्रसूतीची खोली दुप्पट झाली, डोंगरातल्या नऊ मुली नर्स झाल्या, आणि वर तीन ठिकाणी आठवड्यातून एकदा तपासणी सुरू झाली.

पंधराव्या वर्षी मंडळाची तीन माणसं पाहणीला आली. ऑफिसात पंख्याखाली तीन खुर्च्या, समोर तात्पुरत्या बाई, बाजूला नवे पाद्रीसाहेब. अध्यक्षांचा सूर सौम्य होता.

"तुम्ही रोग्याला आधी विचारून मग प्रार्थना करता असं ऐकलं. विचारायचं कशाला?"

"पूर्वी न विचारता करायचो तेव्हा सगळे डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत बसायचे," बाई म्हणाल्या. "आता बहुतेक जण हो म्हणतात, आणि जो हो म्हणतो तो डोळे मिटतो."

"आणि जो नाही म्हणतो?"

"त्याला औषध देतो. त्याच्यासाठी मी घरी प्रार्थना करते. देवाला ऐकू जातं ना?"

पाद्रीसाहेबांनी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. अध्यक्षांनी कागद चाळले आणि सांगितलं की मंडळाने त्यांना कायम करायचं ठरवलं आहे. फक्त मंडळाचं नियमांचं पुस्तक जसंच्या तसं पाळावं लागेल.

"एक मागणं आहे," बाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या समितीत सात जण आहेत. डोंगरातलं एकही नाही. दोन बायका घ्या, डोंगरातल्या लोकांनी निवडलेल्या. नियम त्यांच्याबरोबर बसून ठरवू."

"त्यांना लिहिता-वाचता येत नाही."

"बोलता येतं. बैठकीत बोलायचंच असतं."

"असं आजवर कुठे केलेलं नाही."

"मग मला तात्पुरतीच राहू द्या," बाई उठत म्हणाल्या. "चौदा वर्षांत काही अडलं नाही. आणि माफ करा, मला राउंडला जायचंय."

तीनही पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले. नवऱ्याने विचारलं तर बाई म्हणाल्या, माझं सांगून झालंय, आता त्यांनी ठरवावं. रोजच्यासारख्या जेवल्या. दोन वर्षं काहीच झालं नाही. मग एक जाडसर पाकीट आलं. समितीत नऊ जागा, त्यातल्या दोन डोंगरातल्या, आणि बाई कायम प्रमुख. पाद्रीसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि बाईंनी सुताराला पाटी उतरवायला सांगितली. नवी कशी हवी, असं त्याने विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "खोली सगळ्यांना माहीत आहे."

पहिल्या बैठकीला डोंगरातून दोघी आल्या. एक मध उतरवणाऱ्याची विधवा, दुसरी पाच नातवंडांची आजी. विषय होता पाण्याच्या नव्या टाकीचा. ती प्रसूतीच्या खोलीमागे हवी, असं बाईंचं ठाम मत होतं. महिनाभर त्यांनी ते पाद्रीसाहेबांच्या गळी उतरवलं होतं. त्या बोलून बसल्या तशी आजी उठली.

"खोलीला नळ आहे," ती म्हणाली. "रोग्यांचे कपडे आम्ही नातलग धुतो. धुण्याचे दगड खाली, आणि पाणी वरून डोक्यावर न्यायचं. बाळंतिणीची आई दिवसभर पाणीच वाहते, मग लेकीजवळ बसणार कधी? टाकी खाली बांधा."

बाईंनी आपला मुद्दा पुन्हा मांडला. मध उतरवणाऱ्याची विधवा त्यावर तिरकस बोलली, पाद्रीसाहेब मध्ये पडले, दोन तास हुज्जत झाली. शेवटी हात वर करायला सांगितले. पाच विरुद्ध चार. पाद्रीसाहेबांचा हातही आजीच्या बाजूने वर गेला.

घरी आल्यावर बाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि पायरीवर बसल्या.

"काय झालं बैठकीत?" सुताराने विचारलं.

"हरले."

"मग एवढ्या खुशीत कशी?"

"ती म्हातारी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं त्या दगडांवरून जातेय मी, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्याकडे मोजपट्टी आहे ना? सकाळी माझ्याबरोबर खाली चल. जागा आखून द्यायची आहे, आणि उतार कुठल्या बाजूला ठेवायचा ते तुलाच कळतं."